रेडिओ गप्प झाला तो दिवस



स्मरणिकेसाठी दरवर्षी चार ओळी खरडायच्या, हा परिपाठ आता अंगवळणी पडला आहे. यंदा चिटणीसांचा फोन आला तेव्हा मी माळा आवरत होतो आणि माझ्या हातात एक जुने पितळी घड्याळ होते. आमच्या थोरल्या काकांचे. काका व्यापारी जहाजावर वायरलेस ऑफिसर होते. जहाजावर सगळे त्यांना ‘मार्कोनी साब’ म्हणत. १९९१ मध्ये ते गेले आणि त्यांच्या ट्रंकेबरोबर हे घड्याळ विशाखापट्टणमला माझ्याकडे आले. बंद पडलेले असले तरी तबकडी शाबूत आहे. त्या तबकडीवर दोन ठिकाणी, पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटांच्या मध्ये, पाचरीच्या आकाराचे लाल रंगाचे पट्टे आहेत.

नातवाने विचारले, ‘‘आजोबा, हे लाल कशाला?’’ मी म्हटले, ‘‘ती गप्प बसायची वेळ.’’ एवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. मग त्याला जी गोष्ट सांगितली, तीच थोडी पुस्तकांतून पडताळून, थोडी वाढवून आपल्यापुढे ठेवतो आहे. गोष्ट ६ फेब्रुवारी १९५२ ची, लंडनमधली. त्या दिवशी इंग्लंडचा रेडिओ गप्प झाला होता आणि आमचे काका तेव्हा तिथे होते.

‘परक्या राजाचे आपल्याला काय?’ असे कुणी म्हणेल. मलाही लहानपणी तसेच वाटायचे. परंतु शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

लाल पाचरीचा अर्थ

आधी घड्याळाचे सांगतो. समुद्रावरील जहाजे पूर्वी ५०० किलोहर्ट्‌झवर, म्हणजे ६०० मीटरवर, मोर्सच्या टिंब-रेघांनी एकमेकांशी बोलत. संकटात सापडलेल्या जहाजाची ‘एस. ओ. एस.’ हाकही त्याच लहरीवर यायची. आता शंभर जहाजे एकाच लहरीवर बोलू लागली, तर बुडणाऱ्याची क्षीण हाक कुणाला ऐकू येणार? १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले, त्यानंतर या बाबतीतले आंतरराष्ट्रीय नियम कडक होत गेले. त्यांतलाच हा एक. दर तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटे, जगातल्या सगळ्या जहाजांनी आपले बोलणे थांबवायचे, हेडफोन कानाला लावायचा आणि फक्त ऐकायचे. ती वेळ विसरू नये म्हणून वायरलेस खोलीतल्या घड्याळावर लाल पाचरी. १९९९ च्या फेब्रुवारीत उपग्रहावर आधारलेली नवी यंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि मोर्सचा हा पहारा इतिहासजमा झाला.

काका म्हणायचे, ‘‘आमच्या धंद्यात बोलायला महिन्याभरात येतं, गप्प बसायला शिकायला वर्षं लागतात.’’

एक साधा बुधवार

१९५२ च्या जानेवारीत काकांचे जहाज दुरुस्तीसाठी लंडनच्या रॉयल आल्बर्ट गोदीत लागले होते. काम लांबले, म्हणून त्यांची सोय जवळच ईस्ट हॅम भागात एका विधवा बाईंच्या घरी झाली होती. युद्ध संपून सात वर्षे होत आली तरी तिथे साखर, लोणी, मांस, इतकेच काय चहासुद्धा रेशनवर होता. बाई चहाची पत्ती मोजून टाकत. घरात चैनीची वस्तू एकच, ती म्हणजे दिवाणखान्यातला लाकडी पेटीचा व्हॉल्व्हचा रेडिओ. कान पिळला की आधी दिवा लागायचा, व्हॉल्व्ह तापायचे आणि मग अर्ध्या मिनिटाने आवाज यायचा. आपल्यापैकी ज्येष्ठांना हे वर्णन करून सांगायला नको!

त्या काळी ब्रिटनमध्ये रेडिओ म्हणजे बीबीसी. दुसरे कुणी देशात प्रसारण करूच शकत नव्हते. १९२२ मध्ये कंपनी म्हणून सुरू झालेली ही संस्था १ जानेवारी १९२७ पासून सार्वजनिक महामंडळ झाली. सेटमागे वर्षाला एक पौंड परवाना शुल्क आणि जाहिराती अजिबात नाहीत. १९५२ च्या सुमारास परवानाधारकांची संख्या एक कोटी वीस लाखांच्या वर होती. टेलिव्हिजन आला होता, पण त्याचे परवाने पंधरा लाखांच्या आतच होते. स्कॉटलंडमध्ये तर टेलिव्हिजनचे केंद्र त्या मार्च महिन्यात सुरू व्हायचे होते. म्हणजे फेब्रुवारीतला बुधवार हा सर्वस्वी रेडिओचाच होता.

कार्यक्रमांच्या तीन धारा होत्या. ‘होम सर्व्हिस’वर बातम्या, भाषणे, नाटके, शाळांसाठीचे पाठ. ‘लाइट प्रोग्राम’वर गाणी, गंमत, मालिका. आणि १९४६ मध्ये सुरू झालेला ‘थर्ड प्रोग्राम’ संध्याकाळी लागायचा, तो गंभीर संगीत आणि विद्वान मंडळींसाठी. सकाळी गृहिणींच्या फर्माइशीची गाणी. मग कारखान्यातल्या यंत्रांच्या तालावर हात चालावेत म्हणून ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’. पावणेदोनला लहानग्यांची गोष्ट, दोन वाजता ‘वुमन्स अवर’. एका डॉक्टरांच्या बायकोच्या दैनंदिनीची मालिका दुपारी लागे आणि चुकली तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऐकता येई. संध्याकाळी पावणेसातला ‘द आर्चर्स’. शेतकऱ्यांना सुधारित शेतीच्या चार गोष्टी गोडीगुलाबीने कळाव्यात, या हेतूने रचलेली ही खेड्यातल्या कुटुंबाची मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकू येऊ लागली आणि ती आजही चालू आहे. रात्री नऊला बिग बेनचे टोले आणि बातम्या. घड्याळ लावायचे तेही रेडिओच्या सहा टिकटिकींवर. ग्रीनिचच्या वेधशाळेच्या वेळेबरहुकूम या टिकटिकी १९२४ पासून ऐकवल्या जात.

इथे एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. त्याच जानेवारीत ‘द गून शो’ या धमाल विनोदी कार्यक्रमाचे दुसरे पर्व सुरू झाले होते. त्याचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन १९१८ मध्ये आपल्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जन्मलेला. वडील ब्रिटिश फौजेत असल्यामुळे त्याचे बालपण पुण्यात आणि पुढे रंगूनला गेले. ब्रिटिश विनोदाला वेगळे वळण लावणारा माणूस नगरच्या लष्करी छावणीतून आला होता!

आणि मराठी? तीही होती. युद्धकाळात, १९४२ मध्ये, बीबीसीने लंडनहून भारतासाठी मराठी प्रसारण सुरू केले. पूर्वेकडील देशांसाठीच्या त्या विभागात जॉर्ज ऑर्वेल नोकरीला होता आणि त्याच्या हाताखाली कोल्हापूरकडच्या वेणू चितळे काम करत होत्या. तो इंग्रजीतून वार्तापत्र लिही आणि चितळे बाई ते मराठीतून मांडत. हे मराठी प्रसारण १९५८ पर्यंत चालू राहिले. काकांनी समुद्रावर असताना लघुलहरींवर ते ऐकले होते. ‘‘एडनच्या पुढे अचानक कुणीतरी मराठीत बोललं की हेडफोन काढवत नसे,’’ असे ते सांगत.

सव्वाअकरा

आता त्या सकाळकडे वळू या.

राजा सहावा जॉर्ज याची प्रकृती बरेच दिवस ठीक नव्हती. सप्टेंबर १९५१ मध्ये शस्त्रक्रिया करून त्याचे डावे फुप्फुस काढले होते. लहानपणापासून तो बोलताना अडखळायचा. लायनेल लोग या ऑस्ट्रेलियन उपचारकाच्या मदतीने त्याने वर्षानुवर्षे खटपट केली आणि ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध सुरू झाल्यावर रेडिओवरून देशाशी बोलला. आपल्यापैकी अनेकांनी ‘द किंग्ज स्पीच’ हा २०१० चा चित्रपट पाहिला असेल, तो याच प्रसंगावर आहे. नाताळच्या दिवशी राजाने रेडिओवर बोलायचे ही प्रथा त्याच्या वडिलांनी १९३२ मध्ये सुरू केली होती आणि ते भाषण नेहमी थेट होई. १९५१ चा नाताळ आला तेव्हा मात्र त्याच्यात तेवढा दम उरला नव्हता. म्हणून तुकड्या-तुकड्याने भाषण आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवावे लागले. ज्यांनी ते ऐकले, त्यांना आवाजावरूनच काय ते कळले असणार. रेडिओ चेहरा दाखवत नाही, पण श्वास लपवत नाही.

३१ जानेवारीला राजा स्वतः लंडनच्या विमानतळावर मुलीला निरोप द्यायला गेला. राजकन्या एलिझाबेथ आणि तिचे पती फिलिप केनियामार्गे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्यावर निघाले होते. ५ फेब्रुवारीला राजा सँड्रिंगहॅमच्या रानात शिकारीला गेला, रात्री नेहमीप्रमाणे झोपला आणि झोपेतच गेला. वय अवघे ५६. सकाळी साडेसातच्या सुमारास चहा घेऊन गेलेल्या सेवकाच्या ते लक्षात आले. राजवाड्यात निरोप गेला तो ‘हाइड पार्क कॉर्नर’ या ठरवलेल्या सांकेतिक शब्दांत. जाहीर निवेदन निघाले १० वाजून ४५ मिनिटांनी.

सव्वाअकराला बीबीसीच्या साऱ्या लहरींवरचे कार्यक्रम थांबले आणि जॉन स्नॅग यांचा आवाज आला. हा आवाज देशाच्या ओळखीचा होता. ६ जून १९४४ रोजी दोस्त फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्याची बातमी याच आवाजाने दिली होती. एरवी दरवर्षी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या बोटींच्या शर्यतीचे धावते वर्णन करणाराही हाच. युद्धापूर्वी बीबीसीचे निवेदक आपले नाव सांगत नसत. युद्धात शत्रूने खोट्या आवाजात बातमी दिली तर लोक फसतील, म्हणून १९४० पासून ते नाव सांगू लागले. तेव्हापासून आवाज ओळखणे ही लोकांची सवयच झाली होती.

स्नॅग यांनी थोडक्या शब्दांत राजाच्या निधनाची बातमी वाचली. ठरलेली वार्तापत्रे, जहाजांसाठीचे हवामान आणि वादळाचे इशारे वगळता आजचे बाकीचे सर्व कार्यक्रम बंद राहतील, असे सांगितले आणि प्रसारण थांबले. गाणी, गोष्टी, गून मंडळी, आर्चर्सचे गाव, सगळेच थांबले. टेलिव्हिजनचे कार्यक्रम बंद झाले, चित्रपटगृहे आणि नाट्यगृहेही बंद झाली.

पाठ उघडी असलेला सेट

काकांना यातले काहीच ठाऊक नव्हते. ते वरच्या खोलीत घरी पत्र लिहीत बसले होते. घरमालकीण सकाळपासून मागच्या अंगणात कपडे धूत होती. बाराच्या सुमारास तिने दुपारच्या गाण्यांसाठी रेडिओ लावला. दिवा लागला, व्हॉल्व्ह तापले, पण आवाज नाही. तिने पेटीला दोन चापट्या मारल्या. तरी नाही. मग ती जिन्याखालून हाक मारू लागली, ‘‘मिस्टर, तुम्ही वायरलेसवाले ना? जरा बघता का?’’

काका खाली आले. पेटीची पाठ उघडली, व्हॉल्व्ह एकेक करून हलवून पाहिले, बोटाने टिचकी मारली तर कर्ण्यातून टक्‌ असा आवाज आला. म्हणजे सेट जिवंत होता. काटा फिरवला तर युरोपातली केंद्रे लागत होती, कुठे फ्रेंच, कुठे डच. पुन्हा घरच्या केंद्रावर आणला की शांतता. काका सांगायचे, ‘‘बाबा रे, आयुष्यात तेवढा गोंधळलो नाही. लहर आहे, पण लहरीवर माणूस नाही.’’

एक वाजता, पेटीची पाठ तशीच उघडी असताना, रेडिओ बोलू लागला. बातम्या होत्या. बाई हातातले फडके तसेच धरून उभ्या राहिल्या आणि मग खुर्चीत बसल्या. त्यांचा मुलगा युद्धात गेला होता. राजाबद्दल त्या फारसे काही बोलल्या नाहीत. ‘‘ख्रिसमसला त्याचा आवाज ऐकला तेव्हाच मला वाटलं होतं,’’ एवढेच म्हणाल्या. काकांनी पाठ बंद केली, स्क्रू आवळले आणि त्या घरात त्या संध्याकाळी चूल पेटली तरी कुणी मोठ्याने बोलले नाही. आपल्याकडे सुतक असते तसे.

केनियातली मुलगी

या दिवसाची सर्वांत विलक्षण गोष्ट मला खूप पुढे वाचनात आढळली. राजाची मुलगी आदल्या रात्री केनियाच्या जंगलात, ‘ट्रीटॉप्स’ या झाडावरच्या निवासात राहिली होती आणि सकाळी सगाना येथील विश्रामगृहात परतली होती. वडील गेले त्याच क्षणी ती राणी झाली, पण तिला पत्ता नव्हता. बातमी वृत्तसंस्थांकडून तिथल्या पत्रकारांपर्यंत आधी पोहोचली. फिलिप यांचे सचिव मायकेल पार्कर यांनी हळूच लघुलहरींचा रेडिओ लावून खात्री करून घेतली. फिलिप यांनी बायकोला सांगितले तेव्हा तिथे दुपारचे पावणेतीन वाजत आले होते, म्हणजे लंडनमध्ये साधारण बारा. ईस्ट हॅममध्ये काका सेटची पाठ उघडत होते, जवळजवळ त्याच वेळी! लंडनच्या टॅक्सीवाल्याला कळले, स्कॉटलंडच्या मेंढपाळाला कळले, आणि त्यानंतर सख्ख्या मुलीला.

दुसऱ्या दिवशी, ७ फेब्रुवारीला, ती लंडनला परतली आणि त्या रात्री पंतप्रधान चर्चिल रेडिओवरून देशाशी बोलले. पुढे वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये तीन लाखांहून अधिक लोकांनी रांगा लावून अंत्यदर्शन घेतले. जे येऊ शकले नाहीत त्यांना रिचर्ड डिंबलबी यांनी रेडिओवरून ते दृश्य शब्दांत दाखवले. १५ फेब्रुवारीला विंडसर येथे दफनविधी झाला.

आपल्याकडचे दिवस

एक यंत्र एका वेळी सगळ्या देशाला गप्प करू शकते, ही ताकद मोठी आहे तशी धोक्याचीही. ब्रिटनमध्ये ती शक्य झाली कारण बोलणारा एकच होता. पुढे तेथील संसदेने १९५४ मध्ये कायदा केला आणि सप्टेंबर १९५५ मध्ये जाहिरातींवर चालणारा दुसरा टेलिव्हिजन आला. मक्तेदारी मोडू लागली.

आपल्याकडे त्याच १९५२ साली पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचे निस्सीम प्रेम. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. लोकांनी काय केले? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले! ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झाली. १९५७ मध्ये शेवटी आपल्याला विविध भारती मिळाली. सांगायचे काय, वरून लादलेली शांतता लोक पाळत नाहीत. मनातून आलेली मात्र पाळतात.

तशी शांतता मी पाहिली आहे. २७ मे १९६४ ला नेहरू गेले तेव्हा मी कोकणात शाळकरी मुलगा होतो. गावात रेडिओ एक, वाण्याच्या दुकानात. दुकानासमोर अख्खे गाव उभे होते आणि पुढचे काही दिवस रेडिओवर फक्त करुण सूर. कुणी सांगितले नव्हते, तरी आम्ही मुले विटीदांडू खेळलो नाही.

आणि दुसऱ्या जातीची शांतताही पाहिली. ३१ ऑक्टोबर १९८४. तोवर मी इथल्या गोदीत नोकरीला लागून बारा वर्षे झाली होती. इंदिराजींवर सकाळी नऊनंतर गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीवरून त्या गेल्याचे दुपारीच लोकांच्या कानावर आले, आकाशवाणीने निधनाची बातमी दिली ती संध्याकाळी सहाच्या सुमारास. मधल्या तासांत गोदीच्या फाटकाशी माणसे घोळक्याघोळक्याने कुजबुजत होती. खरे कुणालाच ठाऊक नव्हते आणि प्रत्येकाकडे वेगळी बातमी होती. १९५२ मध्ये लंडनलाही साडेसातपासून पावणेअकरापर्यंत बातमी रोखलेली होतीच. पण सव्वाअकराला सांगितल्यावर त्यांनी मौन पाळले. आपल्याकडे आधी मौन आणि मग बातमी. सांगून गप्प बसणे आणि न सांगता गप्प बसणे यांत केवढे अंतर आहे, ते मला त्या दिवशी कळले.

जे थांबले नाही

त्या घोषणेतील एका वाक्याकडे माझे लक्ष पुन्हा पुन्हा जाते. सगळे बंद, फक्त वार्तापत्रे, जहाजांचे हवामान आणि वादळाचे इशारे चालू. राजा गेला म्हणून उत्तर समुद्र शांत होत नाही. डॉगर, हंबर, टेम्स या सागरी विभागांत त्या दिवशीही कोळ्यांच्या होड्या होत्या. त्यांच्यासाठी कुणीतरी वाऱ्याची दिशा वाचलीच पाहिजे होती.

हे किती मोलाचे, ते त्यांना वर्षभरातच कळले. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राला उधाण आले आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ माणसे बुडाली. उत्तरेकडच्या गावांत संध्याकाळीच पाणी शिरले होते. दक्षिणेकडच्या कॅन्व्ही बेटावर ते मध्यरात्रीनंतर शिरले. मधल्या तासांत किनाऱ्याकिनाऱ्याने इशारा पुढे पोहोचवणारी यंत्रणाच नव्हती आणि रात्री रेडिओ झोपलेला असे. त्या आपत्तीनंतर तिकडे पुराच्या इशाऱ्याची राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली.

आपण विशाखापट्टणमकर हे वेगळे सांगायला नको. १२ ऑक्टोबर २०१४ चा तो रविवार आठवा. हुडहुड आले. वादळाच्या डोळ्याखाली शहर काही काळ एकदम निःशब्द झाले आणि मग पुन्हा वारा. वीज गेली ती कित्येक दिवस. मोबाइल बंद, टीव्ही बंद. तिसऱ्या रात्री मी कपाटातला जुना ट्रान्झिस्टर काढला, टॉर्चमधले सेल त्यात घातले आणि कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला. दूरचे कुठलेतरी आकाशवाणी केंद्र खरखरत लागले. पाच मिनिटांत भिंतीभोवती तीस-चाळीस माणसे जमली. तेलुगू, ओडिया, बंगाली आणि आपली मराठी मंडळी. कुणीही बोलत नव्हते. हवामान निवळत असल्याचे ऐकल्यावर शेजारच्या वहिनींनी पदराने डोळे पुसले. गेली कित्येक वर्षे तो ट्रान्झिस्टर भंगारात टाका म्हणून घरात भुणभुण चालू होती, ती त्या दिवसापासून थांबली!

काकांचे सुतक

आता शेवटची गोष्ट. ही काकांनी फार उशिरा, मी चाळिशीला आल्यावर सांगितली.

६ फेब्रुवारीला ते वरच्या खोलीत जे पत्र लिहीत होते, ते त्यांच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना होते. आजोबा २८ जानेवारीलाच गेले होते. आमच्या गावी तारघर नव्हते. धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, जहाजाच्या मुंबईतल्या एजंटाकडे पत्र टाकले. ते पत्र एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जहाजाच्या मागे फिरत राहिले आणि मार्चमध्ये परतीच्या वाटेवर पोर्ट सैदला काकांच्या हाती पडले. तारखा मोजल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आले, ज्या दिवशी लंडनमध्ये ते त्या उघड्या सेटसमोर बसले होते, त्या दिवशी गावी नदीवर आजोबांचा दहावा चालला होता. थोरला मुलगा नाही म्हणून माझ्या वडिलांनी पिंड ठेवले आणि कावळा बराच वेळ शिवला नाही, असे आजी सांगत असे.

काका म्हणाले, ‘‘जगाचे निरोप मी पोहोचवले. कुणाला मुलगा झाला, कुणाचं घर गेलं, सगळं या बोटांतून गेलं. माझा निरोप तेवढा चुकला. त्या दिवशी मला वाटलं, परक्या राजाचं सुतक पाळतोय. सुतक माझंच होतं.’’

मी विचारले, ‘‘वाईट वाटलं असेल.’’ त्यावर ते जरा थांबले. म्हणाले, ‘‘वाटलं तर. पण एक समाधान आहे. त्या दिवशी मी मोठ्यानं हसलो नाही, गाणं ऐकलं नाही, गोड खाल्लं नाही. देवानं एवढं तरी माझ्याकडून करवून घेतलं.’’ मग त्यांनी भिंतीवरच्या या घड्याळाकडे बोट दाखवले. निवेदन निघाले पावणेअकराला, रेडिओवर सांगितले सव्वाअकराला. दोन्ही वेळा काटा लाल पाचरीच्या तोंडाशीच होता. योगायोगच, पण काकांनी तो जन्मभर मनात जपला. समुद्रावरची सगळी जहाजे तेव्हा तशीही गप्प होती आणि ऐकत होती.

वाचकहो, आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. निरोप क्षणात पोहोचतो. पोर्ट सैदपर्यंत मागे फिरणारे पत्र आता कुणाच्या वाट्याला येऊ नये, आणि येणारही नाही. परंतु दिवसभरात तीन मिनिटे बोलणे थांबवून, कुणाची हाक येते आहे का ते ऐकायची सवय मात्र आपली सुटली. आपल्या या परगावच्या वस्तीत एकटे राहणारे किती ज्येष्ठ आहेत! त्यांची हाक ५०० किलोहर्ट्‌झवर येत नाही. ती जिन्यात भेटल्यावरच्या ‘काय, बरं आहे ना?’ या प्रश्नानंतर येते, आपण थांबलो तर.

माझी कार्यकारिणीला एक सूचना आहे. दहा दिवस आपला लाउडस्पीकर भरपूर बोलतो, बोलूही दे. रोज आरतीनंतर तीन मिनिटे तो बंद ठेवावा आणि त्या वेळात प्रत्येकाने शेजारी उभ्या असलेल्याची विचारपूस करावी. घड्याळ मी दुरुस्त करून घेत आहे. यंदा ते मंडपात लावायला देईन. लाल पाचर कशासाठी, असे मुले विचारतील, तेव्हा ही गोष्ट त्यांना जरूर सांगावी.

सर्वांना गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा. गणपती बाप्पा मोरया!